आठ अक्षरांचा बोर्ड

या सदराचा मी जुना वाचक आहे, पण खरं सांगायचं तर हसणारा वाचक. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाला घाटात हात दाखवणारा माणूस भेटतो... मी चहा पिता पिता वाचतो आणि बायकोला म्हणतो, "बघ, या महिन्यातही पांढरीच साडी." पेशाने मी इलेक्ट्रॉनिक्सचा मास्तर. ज्याला मल्टिमीटर लावता येत नाही ते नाहीच, असं वर्गात ठणकावून सांगणारा. म्हणून हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. आता सांगून टाकतो. हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं, मीही हसलोच होतो की.

गोष्ट १९९६-९७ ची. आमचं घर नेवासा तालुक्यात, सोनईला. वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, प्राथमिक शाळेत मास्तर होते. पस्तीसेक वर्षं त्यांनी पोरांना बाराखडी गिरवायला लावली. गावात कुठेही गेलं तरी कुणीतरी उठून "गुरुजी, बसा" म्हणायचं. मी नुकताच नगरजवळच्या एका पॉलिटेक्निकात लेक्चरर म्हणून लागलो होतो. रोज सकाळी घोडेगावमार्गे एसटीने जायचं, संध्याकाळी परत.

मला एक मोठी बहीण आहे, शकूताई. नर्सिंग करून ती अकोले तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात नोकरीला लागली आणि तिथेच, तिच्या मनाने, जातीबाहेर लग्न केलं. ही त्याच्या सहा वर्षं आधीची गोष्ट. ज्या दिवशी तिचं पत्र आलं त्या दिवशी अण्णांनी ते वाचलं, घडी घातली, आणि आम्हा सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "या घरात तिचं नाव निघायचं नाही. माझ्या मयताला सुद्धा तिला बोलवायचं नाही. माझी आण आहे." अण्णा आवाज चढवत नसत. त्यामुळे ते बोलले की संपलं. त्यानंतर आमच्या घरात ‘शकू’ हा शब्द कुणी उच्चारला नाही.

९६ च्या दिवाळीनंतर अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, पण बोलता येणार नाही. आम्ही पाटी दिली. डाव्या हाताने नुसत्या वेड्यावाकड्या रेघा उठल्या. ज्या माणसाच्या अक्षराचे कित्ते अख्ख्या गावाने गिरवले, तो त्या रेघांकडे बघत राहिला आणि मग पाटी ढकलून दिली. अक्षरांचा तक्ता समोर धरून पाहिला, तर हात इतका थरथरायचा की बोट एका अक्षरावर ठरायचंच नाही. पुन्हा तक्ता आणला की ते डोळे मिटून घ्यायचे.

तेव्हा मला बोर्डाची कल्पना सुचली.

आमच्या लॅबमध्ये मायक्रोकंट्रोलरचे बारा बोर्ड होते. पोरांनी प्रोग्रॅम लिहायचा, तो चिपमध्ये भरायचा, चिप बोर्डावर बसवायची आणि चालतो का बघायचं, यासाठीचे. हाताच्या दोन पंजांएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर सोळा अक्षरं मावतील असा छोटा डिस्प्ले. विभागप्रमुखांच्या परवानगीने परीक्षेपर्यंत सात नंबरचा बोर्ड मी घरी आणला. त्याला दाराच्या बेलचं बटण जोडलं, आणि ते अण्णांच्या डाव्या हाताखाली ठेवलं. डिस्प्लेवर एकेक शब्द तीन-तीन सेकंद येणार. हवा तो शब्द आला की बटण दाबायचं. शब्द तिथेच थांबणार आणि आईला ऐकू जाईल असा बझर वाजणार. पुन्हा दाबलं की शब्द परत सरकायला लागणार.

अडचण एकच होती. या डिस्प्लेच्या पोटात इंग्रजी अक्षरं तयार असतात, मराठी नसतात. मराठी हवी तर प्रत्येक अक्षर ठिपक्यांनी स्वतः काढायचं, पाच आडवे, आठ उभे. आणि अशी स्वतः काढलेली अक्षरं डिस्प्ले एका वेळी फक्त आठ ठेवतो. मी चौकटीच्या वहीत दोन रविवार बसून आठ अक्षरं काढली. पा, णी, च, हा, न, को, हो, ये. यात पाच शब्द बसले: पाणी, चहा, नको, हो आणि ये. ‘ये’ म्हणजे कुणाला तरी जवळ बोलवायला.

पहिल्या दिवशी अण्णांनी दाबलेला पहिला शब्द ‘चहा’. आई रडली आणि हसली, दोन्ही एकदम. तिने कपात इतकी साखर घातली की मला ओरडावं लागलं. बशीने चहा पाजला, आणि "चांगला झालाय का?" विचारलं तर अण्णांनी वाट बघून बरोबर ‘हो’ वर दाबलं. मग त्यांनी बोट उचलून डिस्प्लेवर आडवं फिरवलं. मला आधी कळेना. डिस्प्लेच्या दोन घरांमध्ये बारीक फट असते, त्यामुळे ‘पाणी’वरची शिरोरेषा मध्ये तुटायची. मास्तरांना ते खटकलं होतं! म्हटलं, "अण्णा, काच तशीच येते, ती रेघ नाही जोडता येत." त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते नापास झालेल्या पोराकडे पाहावं तसं. त्या दिवशी घरात किती महिन्यांनी कुणी मोकळं हसलं.

पण पंधरा दिवसांत एक वेगळंच सुरू झालं. अण्णा सारखे ‘ये’ दाबायचे.

दिवसातून दहादा, वीसदा. बझर वाजला की आई हातातलं टाकून यायची. "आले, काय पाहिजे?" अण्णा तिच्याकडे बघायचे आणि मान भिंतीकडे वळवायचे. मी जायचो, तेच. शेजारचे लोक आले, शाळेतले जुने सहकारी आले, नाना म्हणजे आमचे चुलते आले. प्रत्येकाचा चेहरा ते नीट निरखायचे... आणि मान भिंतीकडे. पाच शब्द पुन्हा सरकायला लागले की सगळे जाऊ द्यायचे, आणि ‘ये’ आला की परत बटण. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, असं होतं, गोंधळतात. मला सुद्धा तेच पटलं, कारण ते पटवून घेणं सोपं होतं.

आईला पटलं नाही. एका सकाळी मी डबा पिशवीत टाकत होतो, तर ती हळूच जवळ आली.

"दिलीप, त्या मशिनीत शकूचं नाव टाक की रे."

सहा वर्षांनी मी ते नाव तिच्या तोंडून ऐकलं.

"त्यांनी आण घातलीय ना?"

"म्हनून तर. त्यांच्यापुढं नाव काढायची माजी छाती होत न्हाई. तू नुसतं टाकून ठिव. मशीन दावंल आपलं. नको असंल तर न्हाई दाबणार ते."

कुणीच बोलायचं नाही, कुणीच आण मोडायची नाही, फक्त नाव समोरून जाऊ द्यायचं. किती साधी युक्ती होती तिची. आणि मी, इलेक्ट्रॉनिक्सचा मास्तर, काय म्हणालो?

"आई, आठच अक्षरं बसतात त्यात. श नाही, कू नाही. जागाच नाही."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली.

आठ अक्षरं एका वेळी बसतात हे खरं. पण एक शब्द दाखवून झाला की ती पुसून दुसरी आठ भरता येतात. प्रोग्रॅममध्ये थोडाच बदल करावा लागतो. मला ते येत होतं, तिसऱ्या वर्षाच्या पोरांना मी ते शिकवतही होतो. जेमतेम दोन तासांचं काम. आई अडाणी होती असं नाही, पण डिस्प्ले म्हणजे काय हे तिला कुठून कळणार? म्हणून मी तिला चक्क थाप मारली. शकूताईवर राग होता म्हणून, की तिचं नाव बघून अण्णांना पुन्हा झटका येईल या भीतीने, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

मार्चमध्ये अण्णा गेले. सकाळी अकराच्या सुमारास, मी कॉलेजात असताना. आईने सांगितलं, बझर वाजला म्हणून ती गेली, त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मान वळवली, आणि मग ती मान तशीच राहिली. मी दुपारच्या गाडीने पोचलो तेव्हा त्यांना खाली घेतलं होतं, माणसं जमली होती. खाट रिकामी होती. तिच्याशेजारी स्टुलावर बोर्ड अजून चालू होता. लाइट जाते म्हणून मी त्याला स्कूटरची बॅटरी जोडून ठेवली होती ना... त्याच्यावर ‘ये’ थांबलेला होता. मी बॅटरीची वायर काढली.

शकूताईला तार करायची का, असं मी नानांना एकदा विचारलं. नाना म्हणाले, "दादाची आण हाय. त्याच्या माघारी तरी मोडू नका." पोस्ट दोन गल्ल्या सोडून होतं. मी गेलो नाही. आई भिंतीला टेकून बसली होती.

दहावा, तेरावा झाला. चौदाव्या दिवशी मी कॉलेजात गेलो, कारण प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आल्या होत्या आणि बोर्ड परत द्यायचा होता. बटण सोडवून घरीच खुंटीला अडकवलं, बाकी सगळं पिशवीत घातलं. डोक्यावर टोपी, कारण मुंडण केलेलं.

इथून पुढचं मी जसं घडलं तसंच सांगतो, एक शब्द वाढवत नाही.

त्या काळच्या चिपला वरून काचेची छोटी खिडकी असायची. तिच्यावर आम्ही कागदी स्टिकर चिकटवायचो, उजेड आत जाऊ नये म्हणून, आणि त्या स्टिकरवर प्रोग्रॅमचं नाव लिहायचो. माझ्या चिपवर ‘अण्णा ३’ असं होतं. चिप पुसायची म्हणजे स्टिकर काढून ती जांभळ्या दिव्याच्या डब्यात अर्धा तास ठेवायची. मी स्टिकर सोलला, चिप डब्यात ठेवली. अर्ध्या तासाने काढून तपासणीच्या मशीनवर लावली. कोरी. प्रत्येक घरात एफएफ, म्हणजे आत काहीच नाही. पोरांना कोरी चिप लागते म्हणून तीच परत सात नंबरच्या बोर्डावर बसवली, रजिस्टरात ‘जमा’ लिहून सही केली आणि स्टाफरूममध्ये येऊन बसलो. आता अण्णांचं काहीच उरलं नाही, असं वाटलं, आणि चौदा दिवसांत पहिल्यांदा रडू आलं.

तेवढ्यात आमचे लॅब अटेंडंट कदम मामा दारात आले. पारनेरकडचे, पन्नाशीचे, साधे. परीक्षेआधी सगळे बोर्ड चालू करून बघणं त्यांचं काम.

"सर, जरा येता का? त्या सात नंबरवर मराठी आलंय."

"मराठी?"

"व्हय. कुनाला तरी बोलावतंय."

कोऱ्या चिपच्या बोर्डाला वीज दिली की डिस्प्लेच्या वरच्या ओळीत काळे चौकोन दिसतात. दुसरं काही दिसूच शकत नाही, कारण सांगणारंच कुणी आत नसतं. मी लॅबमध्ये गेलो. दुपारचे बारा वाजले होते, खिडक्या उघड्या, बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती. बाकी बोर्डांवर काळे चौकोन. सात नंबरवर, मधोमध, स्वच्छ,

शकू ये

कदम मामा वाकून वाचत म्हणाले, "शकू ये... सर, ही शकू कोन?"

मला बहीण आहे हे मी कॉलेजात कुणालाही सांगितलेलं नव्हतं. ‘श’ आणि ‘कू’ ही अक्षरं मी कधी काढलीच नव्हती, ना वहीत, ना फ्लॉपीवर, ना कुठे. आणि एक गोष्ट, जी मी ठामपणे सांगत नाही, कारण माझे डोळे भरलेले होते: मला असं दिसलं की वरची शिरोरेषा सलग होती. मधली फट नव्हती.

मिनिटभर, फार तर दोन मिनिटं. मग लाइट गेली. पाच-दहा मिनिटांनी आली तेव्हा सात नंबरही बाकीच्यांसारखा काळे चौकोन दाखवत होता. चिप काढून पुन्हा तपासली. एफएफ, एफएफ, एफएफ, शेवटपर्यंत. कदम मामा माझ्याकडे बघत होते.

"माझी बहीण," मी म्हटलं. "तिला अजून सांगितलेलंच नाही."

ते म्हणाले, "मग जावा की सर. हितं कशाला थांबलाय?"

दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी धरली. राहुरी, संगमनेर, अकोले, आणि तिथून जीपने. आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात शकूताई बाळांना लस देत होती. सहा वर्षांत केस पांढरे झाले होते. तिने मला पाहिलं, ओळखलं, चेहरा फुलला. मी टोपी काढली. मला तोंडाने सांगण्याचं धाडस नव्हतं, म्हणून काढली.

तिने माझ्या डोक्याकडे पाहिलं. हातातली सुई आधी नीट खाली ठेवली. समोरच्या बाईला म्हणाली, "बाई, जरा बस." मग माझ्याजवळ आली.

"कधी?"

"पंधरा दिवस झाले."

"पंधरा दिवस," ती म्हणाली. "आणि तू आज येतोस, दिल्या?"

ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली. तिने विचारलं, "माझं नाव घेतलं का रे त्यांनी? एकदा तरी?"

मग मी सगळं सांगितलं. बोर्ड, आठ अक्षरं, रोजचं ‘ये’, भिंतीकडे वळणारी मान. आईने काय सांगितलं आणि मी तिला काय थाप मारली, तेही. आणि काल लॅबमध्ये काय पाहिलं ते. मला वाटलं ती लॅबच्या गोष्टीवर काहीतरी बोलेल. तिने ते नुसतं ऐकून घेतलं, जणू त्यात नवल करण्यासारखं काही नव्हतं.

"रोज ‘ये’ म्हणायचे?"

"दिवसातून वीसदा."

"मग मी आले असते रे," ती म्हणाली. "रडत, कशीही, पायी आले असते." मग ती पदरात तोंड घालून रडली. रांगेतल्या बाया बाळांना घेऊन गुपचूप उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर सोनईला आली. आई दारातच होती. दोघी एकमेकींना धरून किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. नाना ओट्यावरून उठून निघून गेले. आत आल्यावर ताईने खाट कुठे होती ते विचारलं आणि त्या जागी जमिनीवर बसली. भिंतीकडे तोंड करून. मग खुंटीवरचं बटण तिला दिसलं. तुटक्या वायरी लोंबत असलेलं बेलचं बटण.

"हेच का?"

आईने मान हलवली. ताईने ते घेतलं, मांडीवर ठेवलं आणि अंगठ्याने दाबलं. पुन्हा दाबलं. कुठेच काही वाजलं नाही. "आले हो अण्णा," ती म्हणाली.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. आई आणि नाना दोघंही गेले. कदम मामा रिटायर होईपर्यंत, मी विचारलं की तेच सांगायचे, शब्द न बदलता. मी माझ्या परीने सगळं तपासून पाहिलं. डिस्प्लेला वीज दिली की आत कधीकधी कचरा, म्हणजे भलतीच चिन्हं, दिसतात, मान्य. पण कचरा दिसण्यासाठीही प्रोग्रॅमने आधी डिस्प्ले चालू करावा लागतो, आणि चिप कोरी होती. मीच भ्रमिष्टासारखं काही केलं असेल म्हणावं, तर कदम मामांनी माझ्या आधी पाहिलं आणि मोठ्याने वाचलं. हुशार मित्रांना विचारलं. त्यांनी सर्किट मागितलं, मी दिलं, त्यांनीही हात टेकले.

नंतर एकदा सुट्टीत बसून मी तो बदल केला. आधीची अक्षरं पुसून दुसरी भरायची, ‘श’ आणि ‘कू’ सकट. घड्याळ लावून बसलो होतो. एक तास चाळीस मिनिटं लागली. बोर्ड चालू केला, ‘शकू’ आलं, ‘ये’ आलं, तीन-तीन सेकंद थांबून पुढे गेलं. मधली फट होती तशीच होती.

त्या दिवशी लॅबमध्ये काय झालं याचं उत्तर माझ्याकडे नाही, कधी मिळेल असंही वाटत नाही. त्याचं मला फारसं काही वाटत नाही आता. ज्याचं उत्तर मला खरंच हवंय ते वेगळंच आहे, आणि त्यात अमानवीय असं काहीच नाही. एक तास चाळीस मिनिटांचं काम होतं, आईने तोंडाने मागितलं होतं, आणि मी म्हणालो, जागा नाही.